जिप्सीच्या मागच्या ब्रेक पाईपचे नट जाम: पाईप वाचवायचा की कापायचा?

मोहर्ली_साईड
राम राम मंडळी. गाडी जिप्सी किंग, २००४ची, पेट्रोल, सफारीत चालते. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, तेवढ्यात मागच्या अ‍ॅक्सलवरचे दोन्ही ब्रेक पाईप बदलायचे आहेत. डावीकडचा क्लिपच्या खाली गंजून पातळ झाला. पण टी-जॉइंटचे तिन्ही नट हलूनच नाही राहिले. एकाचे कोपरे साध्या दहाच्या फिक्स पान्यानं अर्धे गेले. गॅसवाला म्हणते, लाल करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. करू देऊ का? आणि पाईप तालुक्यात बनवून भेटते का चंद्रपूरलेच जा लागते?

दहाचा_पाना
लाल करू देऊ नका. अ‍ॅक्सलच्या वरून पेट्रोलचा पाईप जातो, टाकी हाताच्या अंतरावर, आणि ब्रेक ऑईल स्वतःच पेट घेतं. नटाच्या आत कोंडलेलं ऑईल उकळून एकदम बाहेर फेकलं जातं ते वेगळंच.

आधी एवढं सांगा, पाईप बदलायचाच आहे ना? मग त्याला जपता कशाला? नटाला अगदी चिकटून पाईप कापून टाका. पाईप आड येत नसला की नटावर सरळ दहाची गोटी, म्हणजे सॉकेट, बसते. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो आणि नट गोल होतो. फ्लेअर पाना, म्हणजे पाईपसाठी खाच असलेला रिंग पाना, जवळपास पाच बाजू धरतो. गोटी सहाच्या सहा. मात्र गोटी सहा कोनीच हवी, आतून बारा कोन असलेली नको. ती अर्धवट गेलेले कोपरे पूर्ण खाते.

पाईप वाचवायची वेळ फक्त दोनदा येते. एक, नुसतं व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातलं ब्रेकचं सिलिंडर, बदलायचं असेल आणि पाईप चांगला असेल. दोन, मास्टरकडून, म्हणजे पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरकडून, मागे येणारा लांब पाईप असेल, जो चॅसीतून ओढून काढायचा म्हणजे दिवस जातो.

धानपट्टा
दहाचा_पाना यांना अनुमोदन. फक्त कापण्याआधी दोन कामं करा, नाहीतर गाडीखाली तळं होईल. ऑईलच्या डबीचं झाकण काढून त्यावर पॉलिथिनचा तुकडा ठेवा आणि झाकण परत आवळा, हवा आत जात नाही तर ऑईल हळू गळतं. दुसरं, पेडल इंचभर दाबून तिथंच रोखून धरा, सीट आणि पेडल यांच्यात बांबूची काठी अडकवली तरी चालते. मास्टरमध्ये डबीकडून येणारं बारीक छिद्र पिस्टनच्या सीलनं झाकलं जातं आणि वरचं ऑईल खाली येत नाही. ब्रेक लाईट पेटलेला राहतो, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवा.

रंगावर ऑईल सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता. पाण्यात ते विरघळतं. पुसलं तर रंगासकट निघतं.

मोहर्ली_साईड
तिसरा नट टीवर पुढून येणाऱ्या रबरी पाईपचा आहे, त्याचं काय? तो काही कापता येत नाही.

दहाचा_पाना
रबरी पाईपला षटकोन असतो, बहुतेक १७चा, पण पाना लावून बघून घ्या. त्यालाच पाना लावायचा आणि टी दुसऱ्या पान्यानं किंवा ग्रिपनं धरून ठेवायची. टी अ‍ॅक्सलला एकाच बोल्टवर बसलेली असते. तिला धरलं नाही तर बोल्टच्या जागी पत्रा पिळतो. होज सुटताना पूर्ण फिरायला हवी, म्हणून आधी चॅसीकडच्या ब्रॅकेटची यू-क्लिप काढून ते टोक मोकळं करा. रबर आधीच सहासात पावसाळे खाल्लेलं असेल तर होजही बदला. बाहेरून चांगली दिसते, आत फुगून रस्ता बंद झालेला असतो, मग चाक सुटत नाही.

बुटीबोरी_लेथ
सगळे पाईप जाणारच आहेत तर त्याहून सोपं आहे. दोन्ही पाईप कापा, होज सोडा, टीचा बोल्ट काढा आणि टीच उचलून टेबलावरच्या व्हाईसवर, म्हणजे शिकंज्यावर, न्या. आता आजूबाजूला ना पेट्रोल, ना रबर, ना अडचण. गॅस लावायचा तर इथं लावा.

तेही नीट. आधी टी स्पिरिटनं आतून धुवून वाळवा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरला असेल तर त्यावर आग अजिबात नको, विषारी वायू होतो. ज्योत टीच्या अंगाला लावा, नटाला नाही. टी पितळेची असेल तर काम सोपं, कारण तापल्यावर पितळ पोलादाच्या साधारण दीडपट वाढतं आणि आटे ढिले होतात. टी लोखंडी असेल तर दोन्ही सारखीच वाढतात. तिथं फायदा एवढाच की अंग आधी तापतं आणि नट मागे राहतो, त्या फरकात गंजाची पकड तुटते. म्हणून मोठ्या ज्योतीनं पटकन तापवायचं आणि लगेच फिरवायचं. टाकलेलं तेल धुरायला लागलं की बस. लाल झालेलं पितळ मऊ पडतं, ती टी भंगारात टाका. नव्या टीला फार पैसे पडत नाहीत.

खारपाणपट्टा
हे नट जाम का होतात ते कळलं तर तेल कुठं टाकायचं तेही कळतं. गंज दोन ठिकाणी असतो. एक आट्यांत, दुसरा नट आणि पाईप यांच्या मधल्या फटीत. फ्लेअर, म्हणजे पाईपचं फुलवलेलं तोंड, आतून ऑईल रोखतं, म्हणजे आट्यांपर्यंत ऑईल पोहोचतच नाही. आटे कोरडे, आणि पाणी पाठीमागून पाईपच्या कडेनं उतरतं. सगळे नटाच्या पुढच्या बाजूला फवारा मारतात आणि मागची फट तशीच राहते.

आधी पितळी ब्रशनं दोन्ही बाजू घासा. मग गंज सोडवणारं तेल, डब्ल्यूडी-४० असो की दुसरं कोणतं, मागच्या फटीत. शक्य असेल तर नट वर तोंड करून राहील अशी गाडी तिरकी उभी करा. संध्याकाळी टाका, सकाळी परत टाका, मग हात लावा. गिअरबॉक्सचं एटीएफ आणि अ‍ॅसिटोन अर्धंअर्धं मिसळून वापरतात, तेही चांगलं, पण लगेच पेटतं आणि प्लास्टिकची बाटली खातं.

जालावरचे परदेशी व्हिडिओ बघून घाबरू नका. तिथं बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी खालून सडते. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी गंज चिखल अडकतो तिथंच असतो, म्हणजे अ‍ॅक्सलवरची क्लिप, टीच्या मागे, ब्रॅकेट. काळी माती एकदा बसली की आठवडाभर ओल सोडत नाही. आमचा पट्टा मात्र वेगळा. अकोला-बुलढाण्याकडं पूर्णेच्या खोऱ्यात पाणीच खारट, आणि लोक बोअरच्या पाण्यानं गाडी धुतात. त्यापेक्षा न धुतलेली बरी.

खताची पोती वाहणाऱ्यांनीही पाहून घ्यावं. पोटॅश म्हणजे क्लोराईडच, पोतं फाटून ते फटीत गेलं की पाईपला वर्ष पुरत नाही. गाडी गोठ्याशेजारी लावत असाल तर पितळी टी आणि पितळी जोडांवर नजर ठेवा. मूत्रातला अमोनिया पितळेला आतून चिरा पाडतो, वरून काहीच दिसत नाही.

मोहर्ली_साईड
हे कामाचं सांगितलं. आता फिरवायचं कसं ते सांगा, गोल झालेल्या नटासकट.

दहाचा_पाना
पहिली हालचाल उलटी नको. आधी किंचित आवळा, अगदी केसभर. गंजाची पपडी आवळताना तुटते. मग सोडा. पाव आटा सुटला की लगेच पुढं जाऊ नका, परत आवळा, तेल टाका, परत सोडा. गंजाचा चुरा आट्यांत कोंबला गेला तर मधेच नट परत जाम होतो आणि तिथंच तुटतो.

पान्याला नळी घालून लांबी वाढवू नका. या नटाला बसवतानाचा टॉर्क फक्त १४ ते १८ न्यूटन-मीटर असतो. जोर जास्त लागतोय याचा अर्थ गंज सुटलेला नाही. दंड कमी पडतोय असा नाही.

ठोकायचं असेल तर नटाच्या सपाट बाजूवर छोट्या हातोडीनं टिचक्या मारा आणि समोरच्या बाजूला जड हातोडा टेकवून धरा. टिचक्यांनी गंज भुकटी होतो, तेल आत जातं. एका जागी घण घालू नका, नट आत दबतो.

स्वस्त फ्लेअर पान्याची एक खोड आहे. जोर लावला की त्याचं तोंड फाकतं. पाना नटावर चढवून त्याच्या तोंडाच्या दोन टोकांवर छोटा व्हाईस ग्रिप आवळा, मग फाकत नाही.

गोल झालेल्या नटासाठी पाईप कापून गोटी ठोकून बसवा. दहाची सैल पडत असेल तर ९.५ मिमीची, म्हणजे ३/८ इंचाची सहा कोनी गोटी हातोडीनं चढवा. तेही नाही जमलं तर व्हाईस ग्रिप, दात नव्या जागी बसवून, आणि एकदाच. ग्रिप दोनदा घसरली तर मग वेल्डिंगवाल्याकडून नटावर नट चढवा, पण ते टी व्हाईसवर असतानाच.

धानपट्टा
३/८ वरून आठवलं. जुन्या विलिस वंशाच्या जीप ज्यांच्याकडं आहेत त्यांनी लक्ष द्या. त्यांच्या पातळ पाईपचा नट मुळातच ३/८ इंचाचा असतो, म्हणजे ९.५ मिमी. त्यावर दहाचा पाना चढवला की अर्धा मिलिमीटर सैल, कोपरे गेलेच म्हणून समजा. त्याचे आटेही ३/८ इंच, इंचाला २४. जिप्सीचे १० मिमी, एक मिमी पिचचे. आणि गंमत अशी की ३/८चा नट दहाच्या भोकात जातो, थोडा हलत जातो पण आवळल्यासारखा वाटतो. पेडलवर पाय पडला की सुटून येतो. दुकानात नट घेताना जुना नट सोबत न्या, 'जीपचा द्या' म्हणून मागू नका.

अमरावती_टू_सीटर
मधेच घुसतोय. माझ्याकडं एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे, एमजीबी, शेडमध्ये बरीच वर्षं उभी. तिलाही हेच लागू का?

बुटीबोरी_लेथ
पद्धत तीच, मापं वेगळी. तिच्या पाईपचे नट ३/८ यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्यांचे, पण डोकं ७/१६ इंचाचं, म्हणजे ११.१ मिमी. अकराचा पाना बसत नाही आणि बाराचा सैल पडतो, म्हणून इंचाचाच फ्लेअर पाना मागवा. उभ्या गाडीत आतून जास्त खराबी असते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी खाली व्हील सिलिंडरमध्ये साचतं आणि भोक गंजतं. पाईप सुटला तरी सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. पुढच्या कॅलिपरचे हवा काढायचे निपल हे दुसरं दुखणं.

अमरावती_टू_सीटर
तेच तर. निपल पोकळ असतं, मुरगळून तुटेल अशी भीती वाटते.

दहाचा_पाना
निपलच्या भोकात नेमकी बसेल अशी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घाला, मग सहा कोनी गोटी लावा. पोकळी भरलेली असली की निपल चेपत नाही. बाकी तेल, टिचक्या, आवळा-सोडा तेच. नवीन निपल बसवताना आट्यांना ग्रीस फासून आत सोडू नका. आणि आवळताना हात हलका, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे.

व्हील सिलिंडरवरच्या नटाची एक युक्ती आहे, सिलिंडर बदलायचंच असेल तर. ड्रम आणि शूज काढा, सिलिंडरचे दोन बोल्ट काढा, आणि नट पान्यानं स्थिर धरून सिलिंडरच फिरवा. पाईप पिळत नाही. नटाबरोबर पाईपही फिरतोय असं दिसलं की तिथंच थांबा. फट जाम आहे, आटे नाहीत. पुढं फिरवलं तर पाईप साखरेच्या पाकासारखा वळून चिरतो.

मोहर्ली_साईड
एक नट सुटला जी, गोटीनं. दुसरा टीसकट काढून व्हाईसवर घेतला. आता पाईप. तालुक्यात एसीवाला म्हणते, तांब्याचा पाईप देतो, दोन्हीकडं तोंड फुलवून देतो, अर्ध्या तासात.

खारपाणपट्टा
एसीचा तांब्याचा पाईप नको. शुद्ध तांबं कंपनानं कडक होत जातं आणि फ्लेअरच्या बरोबर मागे चीर पडते. सफारीच्या रस्त्यावर तर अ‍ॅक्सल दिवसभर थरथरते. घ्यायचा तर ब्रेकचाच पोलादी पाईप घ्या, ४.७५ मिमी बाहेरचा व्यास, दुहेरी पत्र्याचा. किंवा कॉपर-निकेल, त्यात साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. वाकवायला सोपा आणि गंजत नाही. आणि मधे कुठंही कॉम्प्रेशन जोड, म्हणजे रिंगवाला जोड, टाकू देऊ नका. तो एसीला ठीक, ब्रेकला नाही.

बुटीबोरी_लेथ
तोंड फुलवायचंही वेगळं आहे. एसीला एकेरी फ्लेअर चालते. ब्रेकला डबल फ्लेअर लागते, पाईपची कड आत दुमडून मग फुलवलेली, ४५ अंशाची. एकेरी तोंड दाबाखाली चिरतं. जुना पाईप कापलाय त्याचं टोक बघा, कड आत दुमडलेली दिसली तर तेच करायचं. काही युरोपी गाड्यांना बुडबुड्यासारखी फ्लेअर असते, ती टीतल्या या बैठकीत बसत नाही.

करायचं असं. नळी कापायच्या छोट्या चाकाच्या कटरनं कापा, आरीनं नको, चुरा आत जातो. कानसीनं तोंड काटकोनात करा आणि आतली धार काढा. नट आधी पाईपवर चढवा, दोन्ही टोकांचे, बरोबर दिशेनं. हे विसरून सुरेख फ्लेअर करणारे बरेच असतात. मग पाईप साच्यात धरा. बाहेर किती ठेवायचा ते साच्यासोबतच्या बटणाच्या कडेइतकंच. बटण दाबून कड वळवा, बटण काढा, शंकू दाबा. दाबण्याआधी टोकाला ब्रेक ऑईलचा एक थेंब. तोंड एका बाजूला झुकलं किंवा बारीक चीर दिसली तर कापून परत करा, म्हणून पाईप चार इंच जास्तच घ्या.

वाकवताना जुना पाईप जमिनीवर ठेवून त्याच्यावर नवा धरा. स्प्रिंग नसेल तर रिकाम्या बाटलीच्या गोलाईवर हातानं वळवा. कुठंही चपटा नको, आणि अ‍ॅक्सल वरखाली होताना कशाला घासायला नको. सगळ्या क्लिपा परत लावा, रबरासकट. तुमचा जुना पाईप क्लिपखालीच गेला ना? रबर निघून गेलेली क्लिप पाईप घासते आणि चिखल धरते.

धानपट्टा
गाडीखाली जाताय म्हणून सांगतो. नुसत्या जॅकवर नको, आणि विटांवर तर अजिबात नको, वीट एकदम फुटते. सागाचे चौकोनी ठोकळे आडवेउभे रचा, अ‍ॅक्सलखाली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे अडसर. पावसात अंगणातली माती मऊ असते, जॅकखाली फळी ठेवा.

आणि पाईपच्या आत धुवायला रॉकेल, डिझेल, इंजिन ऑईल काहीही नको. ब्रेकचे रबर त्यानं फुगतात, मग मास्टरपासून चाकापर्यंत सगळे सील बदलावे लागतात. नवीन ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट, बास.

मोहर्ली_साईड
हवा काढायची कोणत्या चाकापासून? आणि ऑईल किती लागेल?

दहाचा_पाना
अर्धा लिटर धरून चला, सगळं जुनं काढायचं असेल तर एक लिटर. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. कोरड्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी ओढलेल्याचा १४० अंशांपर्यंत येतो. म्हणून पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली वापरू नका, सीलबंद छोटी घ्या.

मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या स्टिअरिंगला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या दोन्ही सिलिंडरना निपल आहे का ते आधी बघा, एकालाच असेल तर तिथूनच दोन्हीची हवा निघते. ज्या गाडीत मागे वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह आहे त्याचंही निपल असू शकतं, ते विसरू नका.

निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडालेलं. एक जण पेडल दाबून धरेल, दुसरा निपल सोडेल, आवळेल, मगच पेडल वर. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्याच्या पुढं भोक गंजलेलं असतं. पेडल तळाला नेलं की सील त्या गंजावरून घासलं जातं आणि हवा काढता काढता मास्टर जातो. डबी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

मोहर्ली_साईड
झालं सगळं. पेडल कडक आहे. पण नवीन डाव्या पाईपचा टीकडचा नट ओला दिसून राहिला. दोनदा आवळला, तरी थेंब येतेच. आणखी आवळू का?

बुटीबोरी_लेथ
आणखी नको, आट्यांवर येईल. नवीन फ्लेअर बैठकीवर एकदम बसत नाही. नट पाव आटा सोडा, परत १६ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. असं दोन-तीनदा. दर वेळी तोंड बैठकीला थोडं जुळतं.

मग जोड स्पिरिटनं पुसून कोरडा करा, खाली वर्तमानपत्र ठेवा, पेडल जोरात दाबून पूर्ण एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली गेलं आणि कागद कोरडा राहिला तर गळती बहुतेक मास्टरच्या आत आहे, या जोडाची नाही. कागद ओला झाला तर पाईप काढून दोन्ही बाजू बॅटरीच्या उजेडात बघा. टीच्या आतल्या बैठकीवर जुन्या गंजाची रेघ असेल तर कितीही आवळलं तरी गळणार, टी नवीन घ्या. रेघ नसेल आणि फ्लेअर तिरकी असेल तर चार इंच जास्त ठेवलेत ते आता कामी येतील.

मोहर्ली_साईड
टीतच रेघ आहे. उद्या मंगळवार, बफर म्हणजे जंगलाचा बाहेरचा भागही बंद. टी घेऊन येतो, जुनी सोबत नेऊन.